पोर्तोच्या क्लबचं म्युझियम: कप नंतर बघा, ती १९ वर्षं आधी बघा

पोर्तुगालला जाणारी आपली मंडळी लिस्बन करतात, पोर्तोला आलीच तर नदीकाठ, तो लोखंडी पूल, वाईनची तळघरं, फोटो, आणि निघाली. सुंदर आहेच ते सगळं, नाही कोण म्हणतंय, पण ज्याला फुटबॉलची थोडी जरी गोडी आहे त्यानं एफसी पोर्तोचं म्युझियम सोडू नये असं माझं अगदी ठाम मत आहे, आणि हा रिव्ह्यू त्यासाठीच लिहितेय, कारण मराठीत शोधलं तर मला याच्यावर काहीच सापडलं नाही आणि इंग्रजीत जे सापडलं ते सगळं "नाइस प्लेस, गुड फॉर किड्स" एवढंच. अहो एवढं मोठं काहीतरी तिथं मांडून ठेवलंय आणि लोक कोच मोरिन्योनं जिंकून दिलेल्या चॅम्पियन्स लीगच्या कपापाशी सेल्फी काढून बाहेर पडतात.

आधी कामाचं सांगते. म्युझियम स्टेडियममध्येच आहे, एस्तादियो दो द्रागाओ, म्हणजे ड्रॅगनचं स्टेडियम. मेट्रो थेट स्टेडियमच्या दारात सोडते, स्टेशनचं नावच ते आहे, त्यामुळे टॅक्सीचा खर्च करू नका. तिकीट नुसत्या म्युझियमचं पण मिळतं आणि म्युझियम अधिक स्टेडियम टूर असं एकत्र पण, एकत्रच घ्या. मॅच असेल त्या दिवशी टूरच्या वेळा बदलतात म्हणून आदल्या दिवशी क्लबच्या साइटवर बघून घ्या, आणि तिकीट तिथूनच काढा, मधल्या तिसऱ्याच साइट्स "स्किप द लाइन" वगैरे नाव देऊन वर पैसे लावतात, माझ्या दादाच्या ऑफिसमधल्या एकाला अशाच एका साइटनं बऱ्यापैकी चुना लावला होता. जागा प्रचंड आहे, जवळपास सात हजार चौरस मीटर, त्यामुळे तासाभरात उरकतो म्हणणाऱ्यांनी जाऊच नका, अर्धा दिवस ठेवा. सगळीकडे इंग्रजी आहे, पोर्तुगीज येत नसेल तरी अडत नाही.

दारातच वर लटकलेलं एक अवाढव्य, निळं, कापडाचं काहीतरी दिसतं, ड्रॅगनसारखं, हातपाय पसरल्यासारखं. ती ज्वाना वाश्कोन्सेलुश या पोर्तुगालच्या नावाजलेल्या शिल्पकार बाईंची कलाकृती आहे, खास या म्युझियमसाठी केलेली. विणकाम, भरतकाम, लोंबणारे गोंडे असलं सगळं बायकांच्या हातचं काम त्यात आहे आणि ते एका फुटबॉल क्लबच्या दारात, एवढ्या मोठ्या आकारात टांगलंय, मला ते भयंकर आवडलं. खाली उभं राहून मान दुखेस्तोवर बघत होते. म्युझियम २०१३ मध्ये उघडलं, तारीख २८ सप्टेंबर, क्लबच्या १२० व्या वाढदिवशी.

आणि या वाढदिवसाचीच एक गोष्ट आहे. १८९३ मध्ये आन्तोनियो निकोलाउ द आल्मेदा नावाच्या एका तरुण वाईन व्यापाऱ्यानं हा क्लब काढला. पोर्ट वाईनचा धंदा, त्यामुळे इंग्लंडला येणंजाणं, तिथं फुटबॉल पाहिला आणि डोक्यात बसला. (गोव्याहून येताना आपल्याकडे ज्या गोड "पोर्ट वाईन"च्या बाटल्या हमखास बॅगेत असतात, ते नाव या शहरावरूनच आलेलं.) १८९४ च्या मार्चमध्ये लिस्बनच्या टीमला बोलावून मॅच खेळवली, बघायला खुद्द राजा दों कार्लोस आणि राणी आलेली, आणि पोर्तोवाले १-० हरले. म्हणजे पहिल्याच मोठ्या मॅचला समोर लिस्बन आणि पदरात हार. पुढे आल्मेदाचं लग्न झालं, बायकोला हा खेळ फार धसमुसळा वाटायचा, त्यानं लक्ष काढून घेतलं आणि क्लब थंड पडला. मग १९०६ मध्ये जुझे मोंतेरो दा कोस्ता या माणसानं तो परत उभा केला, निळा-पांढरा रंग त्यानंच ठरवला, तेव्हाच्या देशाच्या झेंड्याचा रंग तोच होता. पुढे राजेशाही गेली, देशाचा झेंडा हिरवा-लाल झाला, क्लबचा निळा-पांढराच राहिला. कितीतरी वर्षं क्लब स्वतःचा जन्म १९०६ चाच धरायचा, १९८८ पासून अधिकृतपणे १८९३ मानायला लागले. यावर तिकडे अजून वाद घालणारे आहेत, विशेषतः लिस्बनवाले, पण मला विचाराल तर ज्यानं पेरलं त्याचं नाव राहिलं हे बरं झालं.

आता लोगोपाशी थांबा, प्लीज, कारण इथंच अख्ख्या क्लबची किल्ली आहे. १९२२ पर्यंत लोगो म्हणजे जुन्या पद्धतीचा निळा बॉल आणि त्यावर अक्षरं, बस. मग क्लबचाच एक खेळाडू होता, सिंप्लिसियो म्हणायचे त्याला, चित्रं काढायचा, त्यानं त्या बॉलच्या वर शहराचं मानचिन्ह बसवलं. जवळून बघा, त्यात किल्ले आहेत, हातात बाळ घेतलेली मेरी आहे, सगळ्यात वर हिरवा ड्रॅगन आहे, आणि मध्ये एक छोटं हृदय आहे. ते हृदय खरं आहे. म्हणजे खरंच. राजा दों पेद्रू चौथा, ज्यानं १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र केला तोच, पुढे पोर्तुगालमध्ये भावाविरुद्ध लढला, तेव्हा १८३२-३३ मध्ये वर्षभराहून जास्त पोर्तोला वेढा पडला होता, उपासमार, रोगराई, तोफा, पण शहर पडलं नाही. त्याची आठवण म्हणून राजानं मरताना स्वतःचं हृदय या शहराला दिलं आणि ते आजही लापा नावाच्या चर्चमध्ये जपून ठेवलंय, पाच किल्ल्या लागतात ते उघडायला. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा ते विमानानं ब्राझीलला नेऊन परत आणलं होतं, बातम्या आठवत असतील. वेढ्यानंतर शहराच्या बिरुदात "इन्विक्ता" लागलं, अजिंक्य. आता सांगा, असलं शहर आणि असला लोगो छातीवर असेल तर खेळाडू कसा खेळेल.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. पेठेसाठी खेळणं म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला लागत नाही, आणि पोर्तोचा अख्खा इतिहास तसाच आहे, फक्त पेठेच्या जागी शहर आणि समोर दुसऱ्या पेठेच्या ऐवजी राजधानी. तिकडे एक म्हण आहे की ब्रागा प्रार्थना करतं, कोईंब्रा शिकतं, लिस्बन मजा मारतं आणि पोर्तो राबतं. दादा तिथं पीएचडी करतोय, तो म्हणाला ही म्हण तुला पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी ऐकवतंच.

पहिली काही दशकं म्युझियम पटपट दाखवतं आणि तुम्हीही पटपट बघितलं तरी चालेल. १९२२ मध्ये पोर्तुगालची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती पोर्तोनं जिंकली, १९३४-३५ मध्ये पहिली लीग झाली तीही पोर्तोनंच. जुनं मैदान कॉन्स्तितुइसाओ रस्त्यावरचं, तिथं आता क्लबची लहान मुलांची फुटबॉल शाळा चालते. १९५२ मध्ये आन्ताश हे स्वतःचं मोठं स्टेडियम बांधलं आणि उद्घाटनाला लिस्बनच्या बेन्फिका क्लबला बोलावलं तर बेन्फिकानं ८-२ नं धुतलं. स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला ८-२! आणि हे क्लब लपवत नाही, सांगतो, त्याबद्दल पूर्ण मार्क.

पण एक वस्तू आहे जिच्यापाशी मी खिळून राहिले. आर्सेनल कप. १९४८ च्या मे महिन्यात आर्सेनल, त्याच वर्षीचे इंग्लंडचे चॅम्पियन, पोर्तोत फ्रेंडली खेळायला आले. त्यावेळी आर्सेनल म्हणजे जगातली सगळ्यात भारी टीम असंच लोक मानायचे, युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, वगैरे अजून जन्मालाही आला नव्हता. पोर्तोनं त्यांना ३-२ हरवलं. फ्रेंडली मॅच, त्याला कसला कप, पण शहर एवढं पेटलं की समर्थकांनी वर्गणी काढली आणि या विजयाची आठवण म्हणून स्वतःच एक कप बनवून क्लबला दिला. आणि कप म्हणजे हातात धरायचा नाही, माणसापेक्षा उंच, अडीचशे किलोच्या आसपास, त्यात शंभर किलोहून जास्त नुसती चांदी. उत्तर पोर्तुगालमध्ये चांदी-सोन्याच्या कारागिरीची जुनी परंपरा आहे, ती या कपात बघायला मिळते, बारीक नक्षी, आकृत्या, एकेक इंच काम केलेलं. युद्ध संपून तीनच वर्षं झालेली, देश गरीब, सालाझारची हुकूमशाही, आणि लोकांनी आपल्या खिशातले पैसे काढून एका फ्रेंडली मॅचची चांदीची पावती करून ठेवली. चॅम्पियन्स लीगचे कप मी दुसरीकडेही बघितलेत, ते सगळे सारखेच असतात. असला कप जगात एकच आहे. तिथं कुणीही थांबत नव्हतं, लोक "हे काय?" अशा नजरेनं बघून पुढं जात होते, मला कळत नव्हतं कुणाकुणाला हात धरून थांबवू.

मग १९५९. ही गोष्ट नीट वाचा. लीगच्या शेवटच्या दिवशी पोर्तो आणि बेन्फिका पॉइंटवर बरोबरीत, म्हणजे गोलफरकावर (मारलेले गोल वजा खाल्लेले गोल) चॅम्पियन ठरणार. पोर्तो तोरेस वेद्रास गावात तोरिएन्स या टीमशी खेळतोय, बेन्फिका लिस्बनमध्ये सीयूएफ या टीमशी. बेन्फिकाच्या मॅचला रेफ्री होते इनोसेन्सियो कालाबोते. मॅच उशिरा सुरू झाली, बेन्फिकाला तीन पेनल्टी मिळाल्या, वर शेवटी वेळही वाढवून मिळाला. पोर्तोची मॅच ३-० नं संपली आणि खेळाडू मैदानातच थांबले, रेडिओला कान लावून, दहा-बारा मिनिटं, कारण बेन्फिकाची अजून चालूच होती. ती संपली ७-१ वर. बेन्फिकाला एक गोल कमी पडला. पोर्तो एका गोलच्या फरकानं चॅम्पियन. आजही पोर्तोत रेफ्रीनं काही वाकडं केलं की म्हातारी माणसं कालाबोतेचं नाव काढतात.

आणि त्या टीमचा कोच कोण, तर बेला गुटमान. तोच जो लगेच पुढच्या सीझनला बेन्फिकात गेला आणि त्यांना १९६१ आणि ६२ चे युरोपियन कप जिंकून दिले. म्हणजे पोर्तोला चॅम्पियन केलं आणि मग राजधानीला युरोपचं राज्य दिलं. त्यानंतर पोर्तोनं लीग जिंकली ती थेट १९७८ ला. १९ वर्षं.

माझा सगळा जीव या १९ वर्षांवर आहे आणि तुम्हाला कळकळीनं सांगतेय की तिथं रेंगाळा. कारण त्या काळात कपाटात ठेवण्यासारखं फार काही नाही, १९६८ चा पोर्तुगीज कप, १९७७ चा कप, संपलं. तिकडं स्टार खेळाडू युझेबिओचा बेन्फिका जगभर गाजतोय, लिस्बनच्याच स्पोर्टिंगनं १९६४ मध्ये युरोपातला कप विनर्स कप आणला, आणि पोर्तो मात्र दरवर्षी रिकाम्या हातानं. त्या काळात म्हणायचे की टीम पोर्तोच्या दोरू नदीवरचा पूल ओलांडून दक्षिणेला निघाली की तिथंच पाय लटपटायला लागतात, अर्धी मॅच पुलावरच हरलेली असते. आणि यातच १९७३ चा डिसेंबर येतो. पावांव, म्हणजे मोर, असं टोपणनाव असलेला मिडफिल्डर, वय २६, कॅप्टन, आन्ताशवर वितोरिया सेतुबालशी मॅच चालू असताना १३ व्या मिनिटाला मैदानात कोसळला आणि गेला. लीगची ती १३ वी फेरी होती. त्या काळच्या फोटोंपाशी एक आजोबा उभे होते, नातीला काहीतरी सांगत होते, दादानं त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो, वडिलांच्या खांद्याला धरून, आणि सगळ्यांना वाटलं पडलाय, उठेल आता. एवढंच बोलले आणि नातीला घेऊन पुढच्या दालनात गेले. म्युझियमचं तिकीट असल्या गोष्टीसाठीच असतं, हे कुठल्या पाटीवर लिहिता येत नाही.

यातून क्लबला बाहेर काढलं ते जुझे मारिया पेद्रोतोनं. तो पोर्तोचाच जुना खेळाडू, कोच म्हणून १९७६ ला परत आला, सोबत फुटबॉल विभागाचा डायरेक्टर म्हणून जॉर्ज नुनो पिंतो दा कोस्ता. दोघांनी मिळून पहिली गोष्ट काय केली असेल तर ती पुलावरची भीती घालवली. लिस्बनला जाताना मान खाली घालून जायचं नाही, तिथले पेपर, तिथलं फेडरेशन, तिथले रेफ्री, सगळ्यांशी तोंडावर भांडायचं. पेद्रोतो मैदानात जेवढा हुशार तेवढाच पत्रकारांसमोर तिखट. १९७७-७८ चा सीझन बघा, बेन्फिका अख्ख्या लीगमध्ये एकही मॅच हरला नाही आणि तरी चॅम्पियन झाला नाही! आन्ताशवर निर्णायक मॅचला पोर्तो सुरुवातीलाच स्वतःच्याच गोलमध्ये मारून मागं पडलं होतं, शेवटच्या दहा मिनिटांत आदेमीरनं बरोबरी साधली, आणि शेवटी दोघांचे पॉइंट सारखे, गोलफरकानं पोर्तो. पुढच्या वर्षी परत पोर्तो. १९५९ मध्येही गोलफरक, १९७८ मध्येही गोलफरक, आणि मधली १९ वर्षं उपाशी, ही जोडी मी लागोपाठ बघितली तेव्हा अंगावर काटा आला.

१९८२ मध्ये पिंतो दा कोस्ता प्रेसिडेंट झाले आणि मध्ये क्लब सोडून गेलेल्या पेद्रोतोला परत आणलं. १९८४ मध्ये पहिल्यांदा युरोपची फायनल, कप विनर्स कपची, बासेलला, युव्हेन्टसकडून १-२ हार. पेद्रोतो तेव्हा कॅन्सरनं आजारी, बेंचवर बसू शकला नाही, आणि १९८५ च्या जानेवारीत गेला. ज्यानं झाड लावलं त्याला फळ दिसलं नाही, कारण दोनच वर्षांनी आलं व्हिएन्ना.

२७ मे १९८७, युरोपियन कप फायनल, समोर बायर्न म्युनिक. बायर्न जिंकणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पोर्तोचा हुकमी स्ट्रायकर फर्नांदो गोमेस, ज्यानं दोनदा युरोपचा गोल्डन बूट घेतला, तो पाय मोडून घरी. पहिल्या हाफमध्ये बायर्ननं हेडरवर गोल केला, आणि मग ७७ व्या मिनिटाला राबाह मादजेर. अल्जेरियाचा. गोलकडं पाठ, बॉल दोन पायांच्या मागं, आणि त्यानं टाचेनं मारला. टाचेनं! युरोपियन कपच्या फायनलला! दोन-तीन मिनिटांत त्याच मादजेरनं डावीकडून क्रॉस दिला आणि बदली आलेल्या जुआरीनं गोल केला, २-१. हा तोच मादजेर ज्यानं १९८२ च्या वर्ल्ड कपला अल्जेरियाकडून पश्चिम जर्मनीला पहिला गोल मारून जर्मनांची झोप उडवली होती. मग कॅप्टन जुआंव पिंतोनं कप उचलला आणि सोडायलाच तयार नाही, डोक्यावर घेऊन पळतोय, बाकीचे खेळाडू मागं. हा व्हिडिओ बघा, मिनिटभराचा, पण त्या माणसाचा चेहरा बघा. त्याच डिसेंबरमध्ये टोकियोला बर्फात, अक्षरशः मैदान पांढरं झालेलं, उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ हरवून क्लबांमधला जगाचा कप, गोल परत मादजेरचा. बर्फातली ती मॅच मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाले, "अगं चिखलात आम्ही खेळलोय, पण ह्यात उभं कसं राहायचं?"

यानंतरचं बहुतेकांना माहीत असतं म्हणून मी फार लिहीत नाही. १९९५ ते ९९ सलग पाच लीग. त्यातल्या पहिल्या दोन इंग्लिश कोच बॉबी रॉब्सनच्या, आणि रॉब्सनसोबत दुभाषा म्हणून आलेला जुझे मोरिन्यो पुढं त्याच क्लबचा कोच होऊन २००३ ला सेव्हिलमध्ये सेल्टिकला ३-२ नं हरवून युएफा कप आणि २००४ ला मोनाकोला ३-० नं हरवून चॅम्पियन्स लीग घेऊन गेला. त्यानंतर आजवर इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स सोडून दुसऱ्या कुठल्याही देशाच्या क्लबनं ती जिंकलेली नाही, पैशाचं गणितच तसं झालंय. दालन झगमगीत आहे, गर्दीही इथंच. मी एवढंच सांगेन की त्या टीमचा कॅप्टन जॉर्ज कोस्ता, आतून-बाहेरून पोर्तोचा माणूस, २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेला, अवघा ५३ वर्षांचा, तेव्हा तो क्लबचाच डायरेक्टर होता. त्याचा कप उचललेला फोटो दिसला तर जरा थांबा.

रॉब्सनच्याच काळातली अजून एक गोष्ट, मला सगळ्यात आवडलेली. रॉब्सन ज्या बिल्डिंगमध्ये राहायचे तिथंच एक शाळकरी पोरगा राहायचा, त्यानं त्यांना चिठ्ठी लिहिली की तुम्ही अमक्या स्ट्रायकरला का खेळवत नाही. रॉब्सननी त्याला हाकलून नाही लावलं, जवळ केलं, शिकवलं. तो पोरगा म्हणजे आंद्रे विलास-बोआस. २०१०-११ मध्ये, वय ३३, पोर्तोचा कोच, लीगमध्ये ३० पैकी २७ विजय, ३ बरोबरी, एकही हार नाही, वर डब्लिनला ब्रागाला हरवून युरोपा लीग. ती लीग पक्की झाली कुठं, तर बेन्फिकाच्याच मैदानावर, आणि जल्लोष सुरू होताच तिथले दिवे बंद झाले आणि गवताला पाणी मारायचे फवारे सुरू झाले. अंधारात, भिजत नाचले पोर्तोवाले. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये हाच विलास-बोआस क्लबच्या निवडणुकीत ४२ वर्षं प्रेसिडेंट असलेल्या पिंतो दा कोस्तांसमोर उभा राहिला आणि ८० टक्क्यांवर मतं घेऊन निवडून आला. पिंतो दा कोस्ता २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. ४२ वर्षं! त्या माणसाशिवाय यातलं निम्मं काही झालं नसतं, आणि शेवटी सभासदांनी मत देऊन बदल केला, दोन्ही गोष्टी मला मोठ्या वाटतात. आपल्याकडं क्लब म्हणजे कुणा मालकाचा, तिकडं आजीबाईसुद्धा मेंबर कार्ड घेऊन लाइनीत उभ्या राहून मत देतात.

केल्विनचा कोपरा चुकवू नका. २०१३ चा मे, लीगच्या शेवटून दुसऱ्या मॅचला बेन्फिका दोन पॉइंटनं पुढं, द्रागाओवर १-१, आणि ९२ व्या मिनिटाला केल्विन नावाच्या १९ वर्षांच्या ब्राझीलियन पोरानं डावीकडून तिरका मारून गोल केला आणि पोर्तो बेन्फिकाच्या पुढं गेलं. बेन्फिकाचा कोच जॉर्ज जेझुश गुडघ्यावर बसला. त्या पोराची पुढं फार मोठी कारकीर्द झाली नाही, पण त्या एका गोलला म्युझियममध्ये जागा आहे, आणि असायलाच पाहिजे.

स्टेडियम टूर त्यामानानं साधी, ड्रेसिंग रूम, प्रेस रूम, बोगद्यातून मैदानाच्या कडेला. पण तिथं उभं राहून एक गोष्ट आठवा, नोव्हेंबर २००३ मध्ये या स्टेडियमचं उद्घाटन झालं ते बार्सिलोनाशी, पोर्तो २-० जिंकलं, म्हणजे आन्ताशच्या वेळचं ८-२ चं उट्टं निघालं, आणि त्या मॅचला बार्सिलोनानं १६ वर्षांचा एक पोरगा शेवटी बदली म्हणून उतरवला. लिओनेल मेसी. त्याची बार्साच्या मोठ्या टीमकडून पहिली मॅच याच गवतावर. मला हे तिथं कळलं तेव्हा मी दादाला म्हटलं थांब, मला इथून हलवू नकोस.

दुकानात जर्सी महाग आहेत, नव्या सीझनची घ्यायची तर खिसा बघून. मी जुन्या लोगोचं, म्हणजे १९२२ च्या आधीच्या नुसत्या निळ्या बॉलचं काही मिळतंय का बघत होते. लहान मुलांना मफलर बरा, थंडीत वापरतात तरी. खायला स्टेडियमच्या आसपास फार शोधू नका, फ्रान्सेसिन्या, म्हणजे मांस भरलेलं, वरून चीज आणि तिखटसर सॉस ओतलेलं ते सँडविच, शहरात जाऊन खा, पण टुरिस्टांनी भरलेल्या नदीकाठच्या हॉटेलात नको. आम्ही तिथल्या एका ठिकाणी खाल्लं तर सॉस पाणचट आणि बिल डोळे पांढरे करणारं, मग दादाच्या घराजवळच्या साध्या टपरीवजा हॉटेलात खाल्लं ते नादखुळा. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, काही ठिकाणी तसं करून देतात.

कुणी जावं? फुटबॉल खेळणारी मुलं असतील तर नक्की. ज्यांना फुटबॉल कळत नाही पण इतिहास आवडतो त्यांनीही जावं, माझ्या वहिनीला ऑफसाइड माहीत नाही आणि ती आर्सेनल कपापाशी माझ्याइतकीच वेळ होती. गोव्यातले माझे मित्र पोर्तुगीज फुटबॉल म्हटलं की बेन्फिका नाहीतर स्पोर्टिंग करतात, सुनील छेत्री स्पोर्टिंगच्या बी टीमकडून खेळून आला त्यामुळे तर अजूनच, त्यांना खास सांगतेय, एकदा उत्तरेकडची बाजू ऐकून या. फक्त चॅम्पियन्स लीगच्या कपासोबत फोटो हवा असेल तर तोही मिळेल, पाच मिनिटांत.

आणि म्युझियम सकाळी केलंत तर दुपारी मेट्रोनं त्रिंदादेला उतरून लापा चर्चला चालत जा, फार लांब नाही. राजाचं हृदय बघायला मिळत नाही, ते कुलपात असतं, पण लोगोतलं ते छोटं हृदय नुकतंच जवळून बघितलेलं असताना त्या चर्चमध्ये जाणं वेगळंच वाटतं. चर्च दुपारी काही वेळ बंद असू शकतं, वेळ आधी बघून निघा.